चौथ्या वडाची शुश्रूषा

वडाचं झाड सहसा मरत नाही. ते टाकीच्या पाइपात उगवतं, पडक्या भिंतीत उगवतं, माती नाही, पाणी नाही, तरी वर्षानुवर्षं जगतं आणि शेवटी भिंतच पाडतं. आमच्या घरी एका वर्षात अशी तीन झाडं मेली. चौथ्याशी माझ्या नवऱ्याने स्वतःचा जीव बांधून ठेवला, म्हणून त्याची जबाबदारी मी घेतली. मी चोवीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे झालं ते अडाणीपणाच्या खात्यात टाकायची सोय कोणाला राहणार नाही.

सुरुवात नवऱ्याच्या हृदयापासून झाली. दिवाकर (हे त्यांचं नाव, घरात मी 'अहो'वर भागवते) जळगाव जामोदच्या नळयोजनेवर व्हॉल्व्ह उघडायच्या कामावर आहेत. आमच्याकडे नळ रोज येत नाहीत, त्यामुळे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसाला गावात फार मान असतो. असा हा मानाचा माणूस दिवाळीनंतर एका सकाळी छातीवर हात ठेवून व्हॉल्व्हच्या खड्ड्यातच बसला. त्यांचे जोडीदार साहेबराव यांनी त्यांना ओढून बाहेर काढलं, मोटरसायकलवर स्वतःच्या आणि आणखी एका माणसाच्या मध्ये दाबून बसवलं आणि माझ्याच दवाखान्यात माझ्याच ड्युटीत आणून उतरवलं. मग अकोला, मग बायपास. छाती उघडली, तारेने शिवली. घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, पहिलं वर्ष सांभाळा, पुढे काळजी नाही.

घरी जो माणूस आला तो वेगळाच होता. शिंक आली तर घाबरायचा. बाथरूमपर्यंत चालला तरी परत येऊन नाडी मोजायचा. डॉक्टरांनी रोज चाला म्हणून सांगितलं होतं. ते पलंगावरून हलेनात. मेल्यासारखं पडून राहिलं की मरण फसतं आणि पुढच्या घरी जातं, असा काहीतरी त्यांचा समज झाला असावा. बोलणं बंद, नुसता मोबाइल.

त्या मोबाइलमध्ये त्यांना बोन्सायवाला भेटला. कुठल्याशा डोंगरातून जुनी झाडं खणून आणायची, त्यांच्या फांद्या छाटायच्या, मुळं छाटायची आणि उथळ कुंडीत जगवायची, असा त्या माणसाचा उद्योग. दिवाकरांनी तो व्हिडिओ मला दाखवला. "पाह्य," ते म्हणाले, "वरून बी कापलं, खालून बी कापलं, तरी जगून राह्यलं." पंधरा दिवसांतलं ते त्यांचं सर्वांत लांब वाक्य होतं. मी म्हटलं, तुमच्या तर फक्त तीन नळ्या बदलल्यात, मुळं शाबूत आहेत. त्यांनी मोबाइल उशाखाली ठेवला आणि साहेबरावांना बोलावून घेतलं.

गावाबाहेर एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग आहे. त्याच्या भिंतीत वडाची चार बुटकी झाडं होती, मनगटाएवढी जाड आणि दीड-दोन फूट उंच. भिंत पाडायचीच असल्याने मालकाची ना नव्हती. साहेबराव सब्बल आणि छन्नी घेऊन गेले आणि पहिलं झाड दोन विटांसकट घेऊन आले. पौषातली थंडी होती. अशा थंडीत काढलेलं झाड लागत नाही, हे व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं. पण ते शेवटी सांगितलं होतं, आणि शेवटपर्यंत बघायचा धीर आमच्याकडे नव्हता.

पहिलं झाड दिवाकरांनी मारलं. अठ्ठावीस वर्षं अख्ख्या गावाला पाणी सोडलेला हात, त्याला 'वाटीभर' हे माप कळत नव्हतं. पलंगाशेजारी कुंडी, कुंडीशेजारी बादली. रात्री जाग आली की तांब्याभर, सकाळी उठल्यावर तांब्याभर. महिन्याभरात कुंडीला नाल्याचा वास यायला लागला. झाड उपटलं तर खालचा भाग उकडलेल्या बटाट्यासारखा हातात आला.

दुसरं झाड सासूबाईंनी मारलं, आणि तेही प्रेमाने. याला पाणी मी मोजून देत होते. फाल्गुनात एका सकाळी त्याच्या खोडावर चार लाल कोंब दिसले. घरात असा आनंद झाला की सासूबाईंनी गल्लीत साखर वाटली. दिवाकर उठून बसले. मीही (नर्स असून!) दवाखान्यात दोघी-तिघींना सांगितलं. सासूबाईंचं मत पडलं की नव्या पालवीच्या जिवाला ताकद पाहिजे. बाळंतिणीला देतात तशी ताकद त्यांनी दिली: ताजं शेण, गुळाचं पाणी, वर थोडं तूप. आधी मुंग्या आल्या, मग पालवी काळी पडली. साहेबरावांनी तोपर्यंत व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला होता. त्यांनी खुलासा केला की पहिली पालवी खोडात साठलेल्या रसावर फुटते. वरून हिरवं दिसतं, खाली मुळांचा पत्ता नसतो. त्या दिवसांत खत घातलं की खेळ आटोपला.

हा खुलासा त्यांनी दिवाकरांसमोर करायला नको होता. दिवाकरांनी तो नीट ऐकला, मग शर्टाच्या वरच्या बटणातून स्वतःच्या छातीकडे पाहिलं. "म्हंजे वरून चांगलं दिसते, त्याच्यावर काई नाई," ते म्हणाले. त्या आठवड्यात त्यांचा ईसीजी उत्तम आला. त्यांनी तो उलटा करून मागची बाजूही तपासली.

तिसरं झाड समाजाने मारलं.

आमच्याकडे आजारी माणसाला पाहायला जाणं हे कर्तव्य आहे. नाही गेलं तर तो बरा झाल्यावर बोलत नाही, आणि मेला तर त्याचे लोक बोलत नाहीत. त्यामुळे दिवाळीपासून आमच्या घरी माणसांची रांग होती. प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा, अर्धा डझन केळी आणि याच ऑपरेशनची एक गोष्ट घेऊन यायचा. सुलतानपूरहून आलेले एक दूरचे काका दिवाकरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "भिऊ नको बे. आमच्या साडूचं बी सेम असंच झालं होतं. लय चांगला हिंडत-फिरत होता." दिवाकरांचा चेहरा खुलला. "आता कसे आहेत?" त्यांनी विचारलं. काकांनी केळं सोललं. "तेरवीवरूनच येऊन राह्यलो."

गोष्ट संपली की पाहुण्याचं लक्ष पलंगाजवळच्या कुंडीकडे जायचं. हे काय, असं विचारून झालं की अपवाद न करता प्रत्येक माणूस झाडाचं खोड चिमटीत धरायचा, मागेपुढे हलवायचा आणि म्हणायचा, "लागलं का?" आता नव्या झाडाची पहिली मुळं केसाएवढी असतात. ती जी काय फुटत होती ती दिवसातून सात-आठ वेळा आपुलकीने तुटत होती. त्यातच कोणीतरी शोध लावला की साल नखाने खरवडली आणि आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत असतं. मग हलवून झाल्यावर खरवडणंही सुरू झालं. पाहुण्यांनी वरवर खरवडलं. मी ड्युटीवर जाण्याआधी रोज सकाळी हात धुऊन, चष्मा लावून, शास्त्रोक्त खरवडत होते आणि दिवाकरांना सांगत होते, "हिरवं आहे." वैशाखात ते झाड सोललेल्या दुधीसारखं दिसायला लागलं, आणि मग हिरवं कुठेच राहिलं नाही. झाड जिवंत आहे का हे आम्ही मरेपर्यंत तपासत राहिलो.

चौथं झाड जिनिंगच्या भिंतीतलं शेवटचं. ते साहेबरावांनी ज्या दिवशी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भिंत पडली. झाडाला खाली दोन बोटं मुळं होती आणि वर एकच डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा. दिवाकरांनी ते बराच वेळ पाहिलं आणि मला बोलावलं.

"सुनंदा, मी ठरवलं आहे. हे जगलं तं मी जगतो. हे गेलं तं मले पुन्हा अकोल्याले नेजू नको."

मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. असले शब्द दवाखान्यात रोज ऐकते. ऐकून सलाइन बदलते. पण दुपारी मी स्वयंपाकघरातून ऐकलं, ते साहेबरावांना सांगत होते की बाजारलाइनीचा व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचा आहे, टेकडीवरच्या लाइनीला आधी हवा काढावी लागते, आणि तिसऱ्या किल्लीची जागा कोणती. ही तिसऱ्या किल्लीची जागा त्यांनी आजवर कोणालाही सांगितली नव्हती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मलाही नाही. ते बाथरूमकडे गेले तशी मी खोलीत आले. मी त्यांची गादी उचलली. खाली आठवड्याभराच्या गोळ्या होत्या.

तर चौथं झाड मी हातात घेतलं ते असं. मला बोन्सायमध्ये काडीचा रस नव्हता. नवरा गोळ्या खाईल एवढ्यापुरतं मला ते जिवंत हवं होतं.

मी न्हाणीघर रिकामं केलं. (पुढचा महिनाभर आम्ही अंगणात पत्रे उभे करून आंघोळी केल्या.) कुंडीत माती घातलीच नाही, विटांचा चुरा आणि जाड रेती. झाड हलू नये म्हणून गॉजपट्टीने चारी बाजूंनी कुंडीला बांधलं. वरून पारदर्शक प्लास्टिकची पिशवी. आत दमटपणा, बाहेर सावली. भिंतीवर तक्ता लावला: पाणी, वेळ, शेरा. दाराला कुलूप आणि चावी माझ्या पर्समध्ये. स्वतःची नखं मी मुळापासून कापली.

पाहुणे बंद केले, झाडालाही आणि नवऱ्यालाही. वडनेर भोलजीच्या मोठ्या नणंदबाई ओसरीवर आल्या तर त्यांना दारातच सांगितलं, ते झोपलेत. त्या खिडकीतून पाहत होत्या की ते झोपलेले नाहीत. "आमचाच भाऊ अन् आमालेच दिसत नाई," एवढं बोलून त्या पाणी न पिता परत गेल्या. आमच्याकडे पाणी न पिता परत जाणं म्हणजे काय, हे मी सांगत नाही. सासूबाई त्यानंतर आठ दिवस माझ्याशी भांड्यांच्या आवाजातून बोलत होत्या.

पण डोळा उघडला. आधी सुईएवढा शेंडा, मग दोन पानं, पोपटी आणि लुसलुशीत. दिवाकर सकाळ-संध्याकाळ न्हाणीघराच्या जाळीशी येऊन उभे राहायचे, आत पाहायचे आणि तिथेच मी हातावर ठेवलेल्या गोळ्या गिळायचे. मी तक्त्यावर लिहायचे, 'प्रगती समाधानकारक.' तो शेरा कोणासाठी होता हे मलाही नक्की सांगता यायचं नाही.

आणि मग वटपौर्णिमा आली.

आमच्या गल्लीच्या बायका पूर्वी रस्त्यावरच्या मोठ्या वडाला जात. तो आदल्या वर्षी रुंदीकरणात गेला. बाजारात वडाच्या फांद्या मिळतात, त्या आणून पुजायच्या, पण तोडलेल्या फांदीकडे नवऱ्याचं आयुष्य मागायचं हे बायकांना पटत नव्हतं. सासूबाईंना पटायचं कारणच नव्हतं. त्या स्वतः पूजा करू शकत नव्हत्या. सासरे जाऊन बारा वर्षं झाली. पण मुळांसकट, कुंडीसकट, घरचा जिवंत वड न्हाणीघरात कुलपात आहे, ही माहिती त्यांनी गल्लीला दिली. आपल्या मुलासाठी सूनबाई वडाला जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी लग्नानंतर पहिली दोन वर्षं गेले होते. त्यानंतर कायम ड्युटी.

त्या दिवशीही होती. एका पाठोपाठ दोन बाळंतपणं झाली आणि मी अडीचला घरी आले. फाटकातच चपलांचा ढीग.

अंगणाच्या मधोमध, ज्येष्ठातल्या उन्हात, स्टुलावर चौथं झाड होतं. प्लास्टिकची पिशवी नीट घडी करून बाजूला ठेवलेली. अकरा जणींनी सात-सात फेरे घातलेले. म्हणजे झाड दिसतच नव्हतं. सुताचा एक मोठा गुंडा होता, त्याच्यावर हळद, कुंकू, तांदूळ, आंब्याची फोड, आणि टोकाला पोपटी शेंडा बाहेर, गर्दीत लहान पोराला खांद्यावर घ्यावं तसा. प्रत्येकीचा एक तांब्या पाणी. कुंडीतून ओहोळ निघून तुळशीपर्यंत गेला होता. शेजारी खुर्चीवर दिवाकर, कपाळाला कुंकू. कुलूप कोणी काढलं? ज्या माणसाला चहाचा कप जड होत होता त्याने व्हॉल्व्हचा पाना लावून कोयंडा उखडला होता.

समोरच्या शोभाबाई ओटी सावरत म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या झाडानं लय सोय झाली पाहा."

मी सुताचं टोक शोधायला लागले. सासूबाई पुढे आल्या.

"हात लावू नको. अकरा जणीइचे नवरे हायेत त्याच्यात."

"आणि माझा?"

"तुनं कुठी बांधला?"

गल्लीतल्या धडधाकट, तंबाखू खाणाऱ्या, मोटरसायकली उडवणाऱ्या अकरा नवऱ्यांचा बंदोबस्त झाला होता, आणि ज्याची छाती तारेने शिवलेली होती तोच तेवढा मोकळा राहिला होता.

संध्याकाळी मी कुंडी तिरकी करून पाणी काढलं, पिशवी पुन्हा घातली. पण ओलं सूत खोडाला घट्ट आवळून बसलेलं. आत बुरशी धरणार हे दिसत होतं. जखमेवर ओली पट्टी मी कोणाच्याही ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, घर उठायच्या आत, मी टाके कापायची बारीक कात्री घेऊन अंगणात गेले. स्टुलावर कुंडी ठेवली आणि एकेक फेरा कापायला लागले. चोवीस वर्षांत मी हजारो टाके काढलेत. पेशंटला कळलंसुद्धा नाही. पोटावरचे, पापणीवरचे, एका पुढाऱ्याच्या नाकावरचे. सुताचा एक पीळ शेंड्याच्या मागे गेला होता. मी तो उचलला, कात्री सरकवली, कापला.

शेंडा माझ्या तळहातावर पडला. दोन पानांसकट.

मग शिकवलेलं सगळं आठवलं. पर्समधून चिकटपट्टी काढली, कापलेल्या जागी शेंडा बसवला आणि पट्टी गुंडाळली. पट्टी पांढरी. लांबूनसुद्धा फ्रॅक्चर दिसत होतं. झाकायला जवळ काय होतं? सूत. मी ते सगळं पुन्हा गुंडाळायला लागले. स्टुलाभोवती हात पुरेना, कुंडी हलवायची नव्हती, म्हणून सूत धरून मीच गोल फिरायला लागले. एक फेरी, दुसरी फेरी. पट्टी अजून दिसत होती. तिसरी, चौथी.

"सातावर थांब, माय," मागून आवाज आला. सासूबाई तुळशीला पाणी घालायला उठल्या होत्या. पदर डोळ्याला लावलेला. सव्वीस वर्षांत त्यांनी मला 'माय' म्हटलेलं मला आठवत नाही. "पुनव काल झाली म्हनून काय झालं. मनातून केलं ना तुनं."

मी सातावर थांबले. दुसरं काय करणार होते? खरं सांगायचं तर माझ्या हातात कात्री होती. ती मी पदराखाली घेतली आणि नमस्कार केला.

आठ वाजेपर्यंत गल्लीला कळलं. नऊपर्यंत फोनवरून वडनेर भोलजीला कळलं. नणंदबाईंनी मला माफ केल्याचा निरोप आला. दिवाकरांना सासूबाईंनी चहाबरोबर सांगितलं. ते बाहेर आले. झाडाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली; ती लाज समजली गेली. मग त्यांनी चपला घातल्या आणि फाटक उघडून गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन आले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा, कोणी न सांगता.

तिसऱ्या दिवशी पानं माना टाकून पडली. नव्या झाडाची पहिली पानं गळतात, ते चांगलं लक्षण असतं, असं मी घरात जाहीर केलं. नर्सच्या आवाजात सांगितलं की लोक काहीही मानतात. सूत मी कोणाला काढू दिलं नाही. आता सूत न काढण्यात माझ्याइतकी कडवी गल्लीत कोणी नव्हती. श्रावण गेला, भाद्रपद गेला. आत काय आहे ते मला माहीत होतं: अकरा तांबे पाण्याने कुजलेली दोन बोटं मुळं आणि वर चिकटपट्टीतली काडी. तरी मी रोज सकाळी त्याला मोजून अर्धी वाटी पाणी देत होते आणि तक्त्यावर लिहीत होते, 'प्रकृती स्थिर.' (हे खोटं नव्हतं. मेलेल्याची प्रकृती अतिशय स्थिर असते.)

दिवाकर मात्र चालतच सुटले. गल्लीचं टोक, मग बसस्टँड, मग पंपहाऊस. गोळ्या स्वतः मागून घ्यायला लागले. दसऱ्याला ते हलक्या कामावर रुजू झाले आणि तिसऱ्या किल्लीची जागा त्यांनी बदलली. ते जसजसे सुधारत होते तसतशी माझी झोप उडत होती. कारण तो माणूस ज्या फेऱ्यांवर उभा होता ते फेरे म्हणजे पुरावा नष्ट करण्याचा प्रकार होता, आणि ज्या झाडावर उभा होता ते कधीच गेलं होतं. आज ना उद्या सूत गळून पडणार होतं.

वर्ष झालं म्हणून तपासणीला अकोल्याला गेलो. रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, आता सहा महिन्यांनी या. परतीच्या बसमध्ये दिवाकर खिडकीतून तुरी पाहत होते आणि मला वाटलं, रिपोर्ट हातात आहेत, हृदय मजबूत आहे, सांगायचं तर आत्ताच. मी सगळं सांगितलं. कात्री, शेंडा, पट्टी, सूत. फेरे मी तुमच्यासाठी घातले नाहीत, पट्टी झाकायला घातले, हेही सांगितलं. आणि सवयीने त्यांच्या मनगटावर बोटं ठेवली.

ते हसायला लागले. आधी नुसते खांदे, मग आवाज. शेवटी छातीवर दोन्ही हात दाबून वाकून हसायला लागले, तेव्हा कंडक्टरने घाबरून बेल मारली आणि बस उभी केली. मी नाडी मोजत होते. उत्तम होती.

"मले पहिल्याच दिवशी माहीत होतं," ते डोळे पुसत म्हणाले. "पट्टी दिसत होती. अन् मुळं सडल्याचा वास मी नाई ओळखणार तं कोन ओळखीन? पह्यलं झाड मीच सडवलं होतं."

"मग चालायला काय म्हणून लागले?"

"म्हटलं, ही बाई मेलेल्या झाडाले बी पट्ट्या लावून मरू देत नाई. मी तं अजून जित्ता हाओ. मले काय सोडते का ही?"

बसमधल्या लोकांनी आमच्याकडे पाहिलं. मी कंडक्टरला सांगितलं की काही नाही, चला.

घरी आल्यावर चौथं झाड आम्ही दोघांनी मिळून सुतासकट पाण्यात सोडलं. सासूबाईंना सांगितलं की व्रत पूर्ण झालं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. गल्लीत माझं नाव अजून मोठं आहे. कोणाचा नवरा आजारी पडला की बायका आधी मला विचारायला येतात, आणि मी त्यांना डॉक्टरकडे पाठवते, तर त्यांना वाटतं मी विनयाने बोलते आहे.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर दिवाकरांनी पंपहाऊसच्या भिंतीतून पाचवं झाड स्वतः काढलं आणि गच्चीवर टाकीच्या सावलीत ठेवलं. त्याला आता वर्ष उलटून गेलं. भरपूर पानं आहेत, कुंडीच्या खालच्या भोकातून मुळं डोकावतात, असं ऐकते. कोणी विचारलं की या झाडाला पहिल्या वर्षी नेमकं काय केलं, तर साहेबराव अभिमानाने सांगतात:

"काईच नाई केलं. फकस्त सिस्टरले जिन्यावर चढू नाई देल्लं."